वॉर्निंग शून्य

त्या भाद्रपदात मी दोनशेच्या वर वॉर्निंग दोन दिवसांत संपवल्या होत्या, आणि मला त्याचा चक्क गर्व वाटत होता. आज तो शब्द लिहिताना अंग आक्रसतं. पण वाटत होता, हे खरं आहे.

आमचं ऑफिस रायपूरच्या समता कॉलोनीत, एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली ड्रिलचा आवाज, वर आम्ही पाच माणसं. आम्ही कारखान्यांसाठी गॅस-अलार्मची पॅनेलं बनवतो. शहराबाहेर सिलतऱ्याकडे कच्चं लोखंड बनवणाऱ्या स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाचं आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग त्याला बसावंसं वाटतं, आणि बसला की तो उठत नाही. तिथले कामगार त्याला नुसतं ‘गॅस लगना’ म्हणतात, ऊन लागावं तसं. आमचं पॅनेल हवेतला हा गॅस मोजतं आणि तो मर्यादेबाहेर गेला की सायरन वाजवतं. एवढंच त्याचं काम. पण ते चुकलं तर दुसरं कोणी सांगणारं नसतं.

पॅनेलच्या आत नखाएवढी चिप, आणि चिपमध्ये आमचा प्रोग्रॅम. त्याचे दोन भाग आहेत. सेन्सर वाचायचा भाग असेंब्लीत लिहिलेला, म्हणजे चिपच्या स्वतःच्या भाषेत, एकेक बारीक हुकूम. तो आमच्या सरांनी वीस वर्षांपूर्वी लिहिला. बाकीचा, म्हणजे बटणं, दिवे, सायरन कधी वाजवायचा कधी थांबवायचा, हा सगळा सी भाषेत, आणि तो माझा. सर मूळचे नागपूरकडचे, इथल्या उरला औद्योगिक वसाहतीत नोकरी करता करता आमच्या पॉलिटेक्निकात शिकवायला येत. मी त्यांच्याकडूनच शिकले. आता ते सत्तरीपलीकडे आहेत आणि बीरगांवला राहतात. त्यांच्या असेंब्लीला हात लावायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. ती चालत होती, आणि चालणाऱ्या गोष्टीला आमच्या ऑफिसात कोणी बोट लावत नसे.

त्या वर्षी सिलतऱ्याच्या एका प्लांटने नवीन पॅनेल मागवलं आणि सोबत एक नवी अट घातली. त्यांचा बाहेरून आलेला सेफ्टी सल्लागार म्हणाला, प्रोग्रॅमचा स्टॅटिक अ‍ॅनालिसिस रिपोर्ट द्या. म्हणजे प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते चालवा, आणि रिपोर्टात वॉर्निंग शून्य दिसली पाहिजे. शून्य म्हणजे शून्य.

आम्ही ते सॉफ्टवेअर आणलं, चालवलं, आणि पडदा वॉर्निंगांनी भरून गेला. माझ्या मालकाचं तोंड उतरलं. मालक माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, पण रायपूरच्या रीतीने मी त्याला भैया म्हणते आणि तो मला दीदी.

‘‘दीदी, ये क्या है?’’

‘‘कुछ नहीं भैया. त्याला सरांची असेंब्ली वाचताच येत नाही,’’ मी म्हणाले. मी अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलते, त्याला दोन्ही कळतात.

हे खोटं नव्हतं. ते सॉफ्टवेअर फक्त सी वाचायचं. गॅस वाढला की सरांची असेंब्ली एका खुणेत शून्याच्या जागी एक लिहिते, आणि माझी सी ती खूण तपासून सायरन वाजवते. सॉफ्टवेअर बिचारं सी मध्ये शोधतं, ही खूण कोण बदलतं? कोणीच नाही. मग ते म्हणतं: ही अट कधीच खरी होणार नाही, खालचा मजकूर व्यर्थ आहे. म्हणजे सायरन वाजवणाऱ्या ओळीच व्यर्थ! मी खो खो हसले होते. असल्याच वॉर्निंगांची रांग लागली होती, सगळ्यांत तेच वाक्य, ही अट कधीच खरी होणार नाही.

अशा वॉर्निंगला गप्प करायची सोय असते. त्या ओळीशेजारी एक शेरा लिहायचा, की ही बघितली, ही सोडा, आणि सोबत कारण द्यायचं. कारण दिल्याशिवाय सॉफ्टवेअर ऐकत नाही. मी पहिल्या वॉर्निंगसाठी कारण लिहिलं: ‘असेंब्ली से सेट होता है’. दुसरीसाठी तेच. तिसरीनंतर मी ते कॉपी करून ठेवलं. आमच्या ऑफिसात ही सवय आधीपासूनच होती. काही समजलं नाही, काही अडलं, की ‘वो असेंब्ली से होता है’ म्हणायचं आणि पुढे जायचं. जणू असेंब्ली म्हणजे देवघर, तिथे जे होतं ते होतं. मी त्या सवयीला लेखी केलं, इतकंच.

मला मुळात एका जागी बसवत नाही. एका फाइलमध्ये तेच वाक्य चाळीस वेळा आलं तेव्हा माझे पाय टेबलाखाली नाचायला लागले. मी उठले, दोन चकरा मारल्या, खिडकीतून खाली दाताच्या डॉक्टरकडे गाल धरून बसलेली माणसं पाहिली, परत आले. आणि एकेक ओळीला शेरा देण्याऐवजी मी फाइलच्या डोक्यावरच एक शेरा लिहिला. या फाइलमधली ‘अट कधीच खरी होणार नाही’ अशी प्रत्येक वॉर्निंग सोडा. कारण: असेंब्ली से सेट होता है. एका झटक्यात चाळीस गेल्या. माझ्या जिवाला केवढी शांतता मिळाली म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्टात शून्य आलं. भैयाने सगळ्यांना समोसे खिलवले.

एक गोष्ट राहिली होती, ती चाचणी. चाचण्या करणारी आमची बाई तीजासाठी माहेरी गेली होती. तीजाला इथल्या लेकी माहेरी जातात म्हणजे जातात, त्या दिवसांत अर्धं रायपूर बायकांविना चालतं. म्हणून चाचणी मीच घेतली. सेन्सरजवळ चाचणीचा गॅस सोडला, सायरन वाजला. शांत करायचं बटण दाबलं, सायरन थांबला. मी कागदावर ‘पास’ लिहिलं आणि चहा करायला गेले.

पुढे काय व्हायला हवं होतं ते सांगते. बटण दाबून सायरन कायमचा बंद होत नाही. गॅस अजून असेल तर थोड्या वेळाने त्याने पुन्हा ओरडायचं असतं. आमच्या जुन्या पॅनेलात हा थोडा वेळ म्हणजे दोन मिनिटं होता, एकशेवीस सेकंद. प्लांटवाल्यांची तक्रार होती की दर दोन मिनिटांनी कान किटतात, पाच मिनिटं करा. मी महिन्याच्या सुरुवातीला एकशेवीस खोडून तिथे तीनशे लिहिलं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. ते मी विसरूनही गेले होते.

पॅनेल लागलं. दोन आठवडे गेले.

रविवारी दुपारी मी सरांकडे गेले. चाचण्या करणारी बाई माहेराहून परतली होती, तिने दिलेला तीजाचा फराळ, ठेठरी आणि खुरमी, डब्यात घेतला, आणि पिशवीत लॅपटॉप आणि रिपोर्टाची छापील प्रत. खरं सांगायचं तर मिरवायलाच गेले होते. बीरगांवच्या त्या गल्लीत सरांचं घर पहिल्या मजल्यावर, खाली मुलाचं हार्डवेअरचं दुकान. सर बनियनवर बसले होते, भिंग घेऊन पेपर वाचत.

‘‘काय करून राहिली आजकाल?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सर, तुमच्या प्रोग्रॅमची वॉर्निंग शून्य केली.’’

त्यांनी ठेठरी मोडली, पण तोंडात टाकली नाही. ‘‘शून्य? ते सॉफ्टवेअर माह्या असेंब्लीले वाचत नाही म्हन्त होती ना तू फोनवर? मंग शून्य कसं झालं?’’

‘‘त्याले गप्प केलं सर.’’

‘‘काहून?’’

मला थोडा राग आला. दोन दिवस मान मोडून काम केलं होतं आणि हा म्हातारा का म्हणून विचारतो. मी म्हणाले, ‘‘खोट्या होत्या न सगळ्या. तुमच्या असेंब्लीतून सेट होते, त्याले दिसत नाही.’’

‘‘दाखव मले.’’

मी कागद दिला. गप्प केलेल्या ओळींची यादी शेवटी लहान अक्षरांत छापलेली असते, ती कोणी वाचत नाही. सर वाचायला लागले. भिंग एका ओळीवर ठेवायचे, ओठ हलायचे, मग बोट खाली सरकायचं. मी खिडकीपाशी गेले, परत आले, खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत उभी राहिले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘बस ना खाली. डोक्यावर काहून नाचून राहिली?’’ मी बसले. पाच मिनिटांनी पुन्हा उठले.

‘‘हे कोन्तं?’’ सरांचं बोट थांबलं होतं.

मी वाकून पाहिलं. एका काउंटरचं नाव होतं. ‘‘असेंब्लीतून सेट होते,’’ मी म्हणाले. तोंडात बसलंच होतं ते.

‘‘हे माह्या असेंब्लीत नाही.’’

‘‘असंन सर. किती वर्षं झाले.’’

‘‘पोट्टे, माह्या असेंब्लीत सव्वीस नावं हायेत. पोरायचे वाढदिवस इसरलो मी, ते नाही इसरलो. हे नाव माहं नाही.’’ त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘हे तुहं हाय.’’

माझंच होतं. सायरन शांत केल्यावर सेकंद मोजणारा काउंटर. माझ्या हाताने लिहिलेला, अख्खा सी मध्ये, असेंब्लीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ते सॉफ्टवेअर त्या ओळीकडे बोट दाखवून तेच वाक्य म्हणत होतं, ही अट कधीच खरी होणार नाही. चाळीसांतल्या बाकी सगळ्या खोट्या होत्या आणि ही एक खरी.

हा काउंटर मी एका बाइटचा ठेवला होता. एका बाइटमध्ये शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे मावतात. त्याच्या पुढे गेलं की तो पुन्हा शून्यावर येतो. एकशेवीस होतं तोवर ठीक होतं. आता अट होती, काउंटर तीनशेवर गेला की सायरन वाजव. आणि काउंटर तीनशेवर कधीही जाणार नव्हता. दोनशे त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, शून्य. पुन्हा एक, दोन. असा तो जन्मभर फिरत राहणार, आणि एकदा गप्प केलेला सायरन गॅस कितीही साचला तरी गप्पच राहणार. गॅस पूर्ण ओसरला किंवा पॅनेल बंद करून चालू केलं, तरच ते पुन्हा पहिल्यासारखं होणार.

लाज नंतर आली. आधी आली ती नुसती भीती. तिथे तीन पाळ्यांत माणसं काम करतात. दोन आठवडे झाले. इतक्या दिवसांत कोणीतरी ते बटण दाबलंच असणार.

मी भैयाला फोन लावला. तो विसर्जनाच्या कुठल्याशा मिरवणुकीत होता, मागे बँड वाजत होता. मी सांगितलं. त्याने विचारलं, प्लांटवरून तक्रार आली आहे का? मी म्हणाले, तक्रार येणारच नाही, तेच तर. ‘‘दीदी, आज संडे है. कल सुबह चलते हैं न, लेटर बना के. ऐसे जाएंगे तो अच्छा नहीं लगेगा.’’ तो वाईट माणूस नाही. त्याला नीटसं ऐकूच आलं नव्हतं असं मी अजूनही स्वतःला सांगते. मग प्लांटच्या कंट्रोल केबिनचा नंबर लावला. वाजला, वाजला, बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

‘‘चाल,’’ सर म्हणाले. ते शर्टाची बटणं लावत होते.

‘‘तुम्ही कुठी येता सर?’’

‘‘मंग इथं बसून काय करू? ठेठरी खाऊ?’’

बीरगांवहून सिलतरा फार लांब नाही, पण त्या रस्त्यावर रविवार नसतो. ट्रक, ट्रेलर, कोळशाची काळी धूळ. स्कूटरवर माझ्या मागे सत्तरीतले सर माझी लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून बसलेले, आणि दर खड्ड्याला म्हणत, ‘‘हळू, हळू,’’ आणि लगेच, ‘‘जाऊ दे, चाल.’’ मी एरवी स्कूटर बरी चालवते. त्या दिवशी दोनदा चुकीच्या बाजूने घुसले आणि एका ट्रकवाल्याने मला जी शिवी दिली ती रास्त होती. डोक्यात आकडे फिरत होते. चोपन्न, पंचावन्न, शून्य. मला ते थांबवता येत नव्हते.

गेटवर रक्षकाने अडवलं. ‘‘संडे को कौन आता है, दीदी?’’ मी म्हणाले, गॅस पैनल का काम है, अर्जेंट. त्याने वहीत नाव लिहायला लावलं, हेल्मेट दिलं, आणि सरांच्या पायांकडे बघून मान हलवली. चपलेवर आत सोडत नाहीत. सर इतके भडकले की मला वाटलं तेच आता गेट उघडतील. मी पिशवी घेतली आणि त्यांना तिथेच सोडून पळाले. मागून त्यांचा आवाज येत होता, रक्षकाशी नागपुरी मराठीत भांडणारा, आणि रक्षक त्याला छत्तीसगढीत उत्तरं देत होता.

केबिन भट्टीच्या पायथ्याशी आहे. आत एकच ऑपरेटर होता, बाहेरून नुकताच परतलेला, पन्नाशीचा, कपाळाला गमछा बांधलेला. पॅनेल बसवायला आले होते तेव्हा त्यानेच मला पाणी दिलं होतं, म्हणून त्याने लगेच ओळखलं आणि हसला.

‘‘हव दीदी, आओ. आपका पैनल तो एकदम बढ़िया है. पुराना वाला कितना चिल्लाता था, दिमाग खा जाता था. ये वाला एक बार बोलो चुप, तो चुप.’’

मी पॅनेलकडे पाहिलं. लाल दिवा लुकलुकत होता. त्याच्यावर धुळीचा थर असा बसला होता की हात लावून पुसल्यावरच तो लाल आहे हे कळावं. खाली भट्टीच्या तोंडाशी बसवलेल्या सेन्सरवर गॅस मर्यादेच्या वर होता.

‘‘इसको कब दबाया?’’

‘‘हम नहीं दबाए. रात पाली वाले दबा के गए थे. सुबह से ऐसे ही है.’’

म्हणजे पहाटेपासून. मी विचारलं, तुमच्या पाळीत दुसरं कोण आहे? तो म्हणाला, जोडीदार आहे, खाली भट्टीच्या तोंडाकडे साफसफाईला गेला आहे. सकाळपासून त्याचं डोकं दुखत होतं, उन्हाने, पण काम तर करायलाच हवं.

मी पॅनेलचा खटका बंद केला आणि पुन्हा चालू केला. सेन्सर गरम व्हायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट मी कधी विसरणार नाही. मी ऑपरेटरला सांगत होते की गॅस आहे, जोडीदाराला बोलवा, वर घ्या, आणि तो माझ्याकडे असा पाहत होता की शिकलेली बाई उन्हात आली आहे, तिला बसायला द्यावं. सायरन वाजत नाही म्हणजे गॅस नाही, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.

मग सायरन वाजला. केबिनच्या काचा थरथरल्या. आणि त्या माणसाचा हात, सवयीने, न बघता, बटणाकडे गेला.

मी त्याचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचं मनगट असं मी आयुष्यात धरलं नव्हतं. मी ओरडले, ‘‘मत दबाओ! उसको लाओ पहले!’’ माझा आवाज सायरनच्या वर गेला असावा, कारण त्याचा चेहरा बदलला. त्याने वॉकी-टॉकीवर काहीतरी सांगितलं आणि तोंडाला लावायची गॅस-किट ओढून तो बाहेर धावला. बाजूच्या शेडमधून आणखी दोघं धावले.

जोडीदार भट्टीकडच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला सापडला. नुसता बसला होता, भिंतीला टेकून, झाडू हातात. त्यांनी त्याला उचलून मोकळ्या हवेत आणलं तेव्हा तो डोळे उघडत होता आणि मिटत होता. मग त्याने ओकारी काढली, आणि कोणीतरी म्हणालं, बच गया. प्लांटची अ‍ॅम्ब्युलन्स त्याला ऑक्सिजन लावून घेऊन गेली. भट्टीच्या तळाशी एक सील झिजलं होतं, हे नंतर कळलं.

मी तिथेच केबिनमध्ये लॅपटॉप उघडला. काउंटर दोन बाइटचा केला. तो एक शब्द मी चार वेळा चुकीचा टाइप केला. चिप पुन्हा भरली, बटण दाबलं, आणि या वेळी चहाला गेले नाही. घड्याळ बघत उभी राहिले. पाच मिनिटं एका जागी उभं राहणं मला जमतं, हे मला त्या दिवशी कळलं. तो ओरडला. मी पुन्हा दाबलं, पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा ओरडला. गेटवर सर रक्षकाच्या खुर्चीवर बसून त्याच्याच डब्यातून काहीतरी खात होते. मी सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘जिता हाय?’’ मी मान हलवली आणि मग मला रडू आलं, तिथे, ट्रकवाल्यांच्या समोर.

सोमवारी भैयाने पत्राचा मसुदा केला होता. त्यात सेन्सरमध्ये ओलावा गेल्याचं लिहिलं होतं. मी म्हणाले, असं पाठवणार असाल तर मी दुसरं पत्र पाठवीन, माझ्या सहीचं. आम्ही दोघं खूप भांडलो, इतकं की खालून डॉक्टरने माणूस पाठवला. शेवटी खरं लिहिलं गेलं: काउंटरची चूक होती, सॉफ्टवेअरने ती दाखवली होती, आणि आमच्या इंजिनिअरने न वाचता तो इशारा बंद केला. हाच प्रोग्रॅम आणखी तीन ठिकाणी लागला होता, तिथेही मी जाऊन चिपा बदलल्या. भैया महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. सरांनी मात्र मला सोडलं नाही. त्यांच्या सव्वीस नावांपैकी प्रत्येकासाठी आम्ही सी मध्ये एकेक नकली तुकडा लिहिला, जो असेंब्ली काय करते ते त्या सॉफ्टवेअरला त्याच्या भाषेत सांगतो. त्यानंतर ते सायरनच्या ओळींना व्यर्थ म्हणेनासं झालं. ज्या वॉर्निंग उरल्या त्या आम्ही एकेक करून वाचल्या. सतरा अजून रिपोर्टात आहेत, प्रत्येकीपुढे वेगळं कारण. शून्य नाही. सल्लागाराने त्यावर नाक मुरडलं, मी त्याच्याशीही भांडले.

आठवडा झाल्यावर मी ऑपरेटरच्या त्या जोडीदाराच्या घरी गेले. बीरगांवलाच, सरांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, वरच्या माळ्यावरची एक खोली. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, चेहरा पिवळट. बोलता बोलता मधेच थांबायचा, शब्द आठवत नसल्यासारखा. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सुधारेल. त्याच्या बायकोने मला पाहिलं आणि ती वाकली, पायांना हात लावायला. मी मागे सरकले तरी तिने लावलाच.

‘‘आप इतवार को नहीं आते दीदी, तो हमारा क्या होता,’’ ती म्हणाली. तिने आधीच सगळ्या शेजारणींना सांगितलं होतं. त्या दारात उभ्या राहून मला बघत होत्या. तिने चहा ठेवला, शेजारून मागून आणलेली बिस्किटं ताटलीत लावली.

मला गप्प राहता आलं असतं. पत्र प्लांटला गेलं होतं, भैयाशी भांडण झालं होतं, ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. प्लांटने नाही, आम्ही नाही. मला ती खोली सोडून पळावंसं वाटत होतं. मी बसून राहिले आणि सांगितलं, सायरन सकाळपासूनच वाजायला हवा होता. माझ्या चुकीने तो बंद होता. मशीनने मला आधी दाखवलं होतं की इथे गडबड आहे.

ती ताटली हातात धरून उभी होती. तिला काउंटर आणि बाइट समजायची गरज नव्हती. तिने एकच गोष्ट विचारली.

‘‘दिखाया था? तो आप देखे नहीं थे क्या?’’

‘‘नहीं देखा था,’’ मी म्हणाले.

तिने ताटली खाली ठेवली, माझ्यापासून लांब, चुलीजवळ. मग नवऱ्याच्या मागची उशी काढून त्याला आडवं केलं, त्याच्या पायांवर चादर ओढली. दारातल्या बायका हलल्या नव्हत्या.

‘‘इनको सोने दो अब,’’ ती म्हणाली.

मी उठले. ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली नाही, आणि तिने येऊ नये हेच बरोबर होतं.